खाऱ्या पाण्यातलं स्पिनिंग रील वर्षभरात का खरखरतं: नवं घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या बाजूला कातळावरून आणि अधूनमधून खाडीत मासेमारी चालते. रील ४००० साइझचं, मध्यम किमतीचं. दर वेळी घरी आल्यावर नळाखाली धुतलं जातं, वरून डब्ल्यूडी-४० मारलं जातं. तरीही वर्षभरात खरखर सुरू झाली आणि आता हँडल मधूनच उलटं फिरतं. आधीच्या रीलाचंही हेच झालं होतं. मग गिअर गेले का, आणि या वेळी दुप्पट किमतीचं ‘वॉटरप्रूफ’ रील घ्यावं का?

गिअर गेले असं धरून लगेच नवं रील घेऊ नका. खरखर आणि हँडल उलटं फिरणं हे बहुतेक वेळा दोन वेगळे बिघाड असतात, आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारखे असतात. दुसरं म्हणजे, धुण्याची पद्धत आणि वरचा स्प्रे हीच तुमच्या रीलाची खरी अडचण असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर महाग रीलाचंही हेच होईल, फक्त थोडं उशिरा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. रील कधी पूर्ण लाटेखाली गेलं असेल किंवा वाळूत पडलं असेल, तर खाली लिहिलेलं बाहेरून तपासणं पुरेसं नाही, ते उघडावंच लागेल. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. आणि मॉडेल कोणतं आहे ते बघा. दाइवा कंपनीच्या मॅगसील असलेल्या रीलात चुंबकीय तेलाचा पडदा पाणी अडवतो. त्या जागी साधं तेल घातलं तर पडदा बिघडतो, म्हणून मॅगसीलच्या जागा आपण घरी तेलवायच्या नाहीत.

आता पाणी आत जातं कुठून ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पहिली जागा लाइन रोलर. लाइन समुद्रातून ओली होऊन येते आणि रीलाला लागल्यावर सगळ्यात आधी याच रोलरवर दाबून वळते. म्हणजे फेकीगणिक खारं पाणी थेट त्या इवल्याशा बेअरिंगमध्ये पिळलं जातं. दुसरी जागा, ज्या स्पूलवर लाइन गुंडाळली जाते त्याभोवती फिरणाऱ्या रोटरखालची फट. तिथून पाणी पिनियनच्या, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, बेअरिंगपर्यंत आणि हँडल उलटं फिरू न देणाऱ्या वन-वे क्लचपर्यंत पोचतं. तिसरी जागा मधला शाफ्ट. ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन ठरावीक ताणावर सोडणाऱ्या ब्रेकची, आवळायची चकती सैल असताना वरून पाणी सोडलं तर ते ड्रॅगच्या वॉशरमध्ये शिरतं आणि शाफ्टवरून ओघळत बॉडीच्या तोंडाशी येतं. चौथी जागा हँडलची दोन्ही टोकं, आणि हँडलची मूठ.

मीठ सुकलं की निरुपद्रवी झालं असं वाटतं, पण ते हवेतला दमटपणा ओढून पुन्हा ओलं होतं. कोकणातल्या हवेत कपाटात ठेवलेलं रीलही गंजत राहतं ते यामुळेच. त्यात स्टीलचं बेअरिंग अॅल्युमिनियमच्या खोबणीत बसलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, अशी जोडी जमली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड धरते आणि बेअरिंग जागच्या जागी घट्ट अडकतं. खाडीचं पाणी कमी खारं असतं म्हणून खाडीवरून आल्यावर रील न धुणारे बरेच जण आहेत. भरतीच्या वेळी खाडीत समुद्राचंच पाणी येतं. तिथली सूट घेऊ नका.

नळाखाली धुण्यात गैर काही नाही, पण नळ किती सोडला आणि रील कसं धरलं यावर सगळं आहे. जोराची धार, पाइपचा फवारा किंवा बादलीत बुडवून ठेवणं, या तिन्हींनी बाहेरचं मीठ विरघळतं आणि तेच पाणी फटींतून आत ढकललं जातं. आत गेलेल्याला बाहेर यायला वाट नसते. बादलीत बुडवून हँडल फिरवणं तर सगळ्यात वाईट, फिरणारे भाग पाणी आत ओढून घेतात.

धुवायचं असं. आधी ड्रॅग पूर्ण आवळा आणि बेल, म्हणजे लाइन पकडणारी तारेची कडी, बंद ठेवा. हँडल न फिरवता, हलक्या धारेखाली मिनिटभर रील धरा. लाइन रोलर, बेलचे सांधे, रोटरची बाहेरची बाजू, हँडलची मूठ आणि रीलाचा पाय, एवढ्या जागांवरून पाणी जाऊ द्या. पाणी कोमटसुद्धा नको, साधं गार. मग रील झटका, कोरड्या फडक्याने पुसा, स्पूल काढा, शाफ्ट पुसा, आणि स्पूल बाजूला ठेवून रात्रभर सावलीत वाऱ्याला ठेवा. सकाळी स्पूल बसवा आणि ड्रॅग सैल सोडा. आवळलेला ड्रॅग तसाच राहिला तर वॉशर दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो. ब्रेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेली लाइन, मीठ फार धरते, म्हणून महिन्यातून एकदा ड्रॅगचे वॉशर काढून नुसतं स्पूल दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यात ठेवलंत तर उत्तम.

यात एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांसाठी महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलेलं रील सुकल्यावर पुन्हा मीठच मागे ठेवतं. त्या दिवसांत शेवटचा तांब्याभर हात पिण्याच्या पाण्याचा द्या.

डब्ल्यूडी-४० बद्दल स्पष्ट लिहितो. त्यात विद्रावक जास्त आणि तेल कमी. पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला ते चांगलं. पण रीलावर दर वेळी मारलं तर ते रोटरच्या फटीतून आत जातं, कारखान्यात भरलेलं ग्रीस पातळ करतं आणि ते पातळ झालेलं ग्रीस वन-वे क्लचमध्ये वाहून नेतं. विद्रावक उडून गेला की गिअर अर्धे कोरडे आणि क्लच चिकट, अशी स्थिती उरते. तुमच्या दोन्ही तक्रारी यात तंतोतंत बसतात. याला पर्याय म्हणून खोबरेल वापरणारेही आहेत. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे तेही नको. रीलाचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल बेलच्या सांध्यांना आणि मुठीला तात्पुरतं चालतं.

आता खरखर कुठून येते ते शोधू. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं द्या, बहुतेक उत्तर तिथेच मिळतं. स्पूल काढून हँडल हळू फिरवा. खरखर गेली तर दोष स्पूल, शाफ्ट किंवा ड्रॅगच्या टिकटिक करणाऱ्या पट्टीत आहे, बॉडीत नाही. नाही गेली तर हँडलचा दांडा एका हाताने घट्ट धरून फक्त मूठ फिरवा. मुठीतलं बेअरिंग गंजलं असेल तर ती खरखर हँडलमधून हाताला अशी लागते की गिअरच घासतायत असं वाटतं. मग लाइन रोलर नखाने फिरवा. तो मोकळा फिरायला हवा. अडकत असेल तर लाइन त्याच्यावरून फिरण्याऐवजी घासत जाते, ब्रेडचे तंतू उसवतात आणि लाइनला पीळ पडतो.

हे तिन्ही ठीक असतील तर आवाज मोजा. समजा रीलाचा गिअर रेशो ६.२:१ आहे. म्हणजे हँडलच्या एका फेरीत रोटर सहाहून थोडा जास्त वेळा फिरतो. टकटक हँडलच्या एका फेरीत एकदाच येत असेल तर मोठा गिअर किंवा त्याची बाजूची बेअरिंगं. एका फेरीत पाच-सहा वेळा येत असेल तर पिनियन, त्याचं बेअरिंग, क्लच किंवा रोटर. आणि स्पूल अगदी वर किंवा अगदी खाली पोचल्यावरच अडखळत असेल तर स्पूल वर-खाली करणारी यंत्रणा. मोजून सांगितलेला आवाज दुरुस्ती करणाऱ्यालाही ‘रील खराब आहे’ यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

कातळावर वापरलेल्या रीलात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात जास्त दिसतं ते दोनच: गेलेला लाइन रोलर आणि रोटरखालचं पिनियनचं बेअरिंग. दातांची झीज त्यानंतर. मालक मात्र ‘गिअर गेले’ म्हणूनच घेऊन येतात, कारण पिनियनचं बेअरिंग गंजलं की खरखर अगदी बॉडीच्या आतून आल्यासारखी वाटते.

लाइन रोलर घरी करता येतो. बहुतेक रीलांत एकच स्क्रू असतो. खाली पांढरा कपडा अंथरा आणि भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून फोटो काढा, कारण बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना कागदासारखे पातळ वॉशर असतात आणि त्यांची बाजू चुकली की रोलर अडकतो. बेअरिंग दातकोरणीवर अडकवून बोटाने फिरवा. मोकळं आणि बिनआवाज फिरलं तर धुऊन, सुकवून, पुन्हा बसवा. थोडंही कुरकुरलं तर बदला, धुऊन ते परत येत नाही. गंजाने खड्डे पडलेली गोळी तेलाने गुळगुळीत होत नसते.

बदलायचं बेअरिंग त्या कंपनीचंच हवं असं नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा. रोलर आणि मुठीत ४×७×२.५ मिलिमीटर हे माप फार आढळतं, त्याला एमआर७४ म्हणतात. ५×८×२.५ म्हणजे एमआर८५. बॉडीत ७×११×३ म्हणजे एमआर११७ असू शकतं. पण मोजल्याशिवाय मागवू नका. क्रमांकाआधी ‘एस’ असेल, म्हणजे एसएमआर७४, तर ते स्टेनलेस, आपल्याला तेच हवं. शेवटी ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टूआरएस’ म्हणजे रबराचं. रबराचं किंचित जड फिरतं, पण पाणी जास्त अडवतं. खाऱ्या पाण्यासाठी रोलरला मी टूआरएसच घालतो, आणि तेलाऐवजी पातळ ग्रीस भरतो. अगदी हलके लुअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, फेकणाऱ्याला रोलर थोडा सुस्त वाटेल. ३०-४० ग्रॅमचे लुअर आणि जिग ओढणाऱ्याला फरक कळणारही नाही.

आता हँडल उलटं फिरणं. रीलाला अँटी-रिव्हर्सचा खटका असेल तर तो अर्धवट सरकलेला नाही ना हे आधी बघा. तसं नसेल तर दोष वन-वे क्लचचा. त्यात बारीक रोलर आणि प्रत्येकामागे नाजूक स्प्रिंग असते. हँडल उलटं जायला लागलं की स्प्रिंग रोलरला निमुळत्या जागेत ढकलते, रोलर मधल्या नळीवर पाचरीसारखा अडकतो आणि फिरणं थांबतं. जाड किंवा चिकट ग्रीस आत गेलं की स्प्रिंगला रोलर वेळेवर ढकलता येत नाही, आणि क्लच कधी पकडतो, कधी सुटतो. तांबोशी किंवा जिताडा लागलेला असताना तो सुटला तर हँडल गरगर उलटं फिरून बोटांवर बसतं, आणि पुन्हा पकडताना तो सगळा झटका गिअरच्या दातांवर येतो. हा बिघाड घेऊन पाण्यावर जाऊ नका.

दुरुस्तीसाठी स्पूल काढा, रोटरचा नट सोडा, रोटर वर उचला. नटला बहुधा अडकवणीचा छोटा स्क्रू किंवा पट्टी असते, ती आधी काढा. नट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना ते त्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या आकृतीत बघा. क्लच दिसला की त्यातले रोलर सुटे करू नका, स्प्रिंग उडाली की सापडत नाही. अख्खा क्लच तसाच काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, हलवा, घाण झालेलं अल्कोहोल टाका, पुन्हा एकदा करा, आणि पूर्ण सुकू द्या. थिनर वापरू नका, प्लास्टिकचा पिंजरा खराब होतो. मधली नळी पुसून उजेडात बघा. तिच्यावर नखाला लागणारी रेघ असेल तर ती बदलावी लागेल. बसवताना नळीवर अगदी पातळ तेलाचा एक थेंब बोटाने पसरा, बस. कोरडं बसवलं तर गंजतं, ग्रीस लावलं तर पुन्हा घसरतं. एवढं करूनही सुटत असेल तर स्प्रिंगा थकल्या आहेत, क्लच पूर्ण बदला.

रोटर निघालेलाच आहे तर खालचं पिनियनचं बेअरिंगही तपासा. ते खोबणीत अडकलं असेल तर इथे मात्र डब्ल्यूडी-४० कामाचं आहे. क्लच बाजूला काढलेला असताना दोन थेंब सोडा, तासभर थांबा, मग सगळीकडून सारखा दाब देत काढा आणि जागा अल्कोहोलने पुसून घ्या. एका बाजूने उचकटलं तर अॅल्युमिनियमची खोबण वाकडी होते आणि मग नवं बेअरिंगही सरळ बसत नाही.

बॉडी उघडायची असेल तर आधी हँडल काढा. आटे असलेल्या हँडलमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे वेगळे असतात, त्यामुळे फिरवण्याची दिशा बघून घ्या. स्क्रूंची लांबी सारखी नसते. अंड्यांचा ट्रे घ्या आणि काढलेला प्रत्येक भाग क्रमाने एकेका खळग्यात ठेवा. मोठ्या गिअरच्या बाजूला ०.०५ किंवा ०.१ मिलिमीटरचे शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, असू शकतात, ते ग्रीसमुळे बेअरिंगला चिकटून निघतात आणि जुन्या ग्रीसबरोबर पुसले जातात. एक शिम हरवला किंवा बाजू बदलली की दात नीट बसत नाहीत, आणि चांगल्या गिअरची खरखर आपणच तयार करतो.

जुनं ग्रीस धातूच्या भागांवरून रॉकेल किंवा डिग्रीझरने काढा. रबरी सीलना ते लावू नका. नव्या ग्रीससाठी गाडीच्या चाकाचं २ नंबरचं ग्रीस ४००० साइझला जड पडतं. नंबर जितका कमी तितकं ग्रीस पातळ, म्हणून ० किंवा १ नंबरचं बरं, आणि कॅल्शियम सल्फोनेटचं मरीन ग्रीस मिळालं तर खाऱ्या पाण्याला ते जास्त टिकतं. दातांच्या तळाशी भरेल एवढंच लावा. बेअरिंगची बाहेरची कड, स्क्रूचे आटे आणि बॉडीची आतली बाजू यांवर बोटाने पातळ थर द्या, तो गंजासाठी. बॉडी गच्च भरली तर जादा ग्रीस क्लचच्या दिशेने सरकतं आणि पुन्हा तेच दुखणं.

ड्रॅगही याच वेळी मोजून घ्या. २० पौंडांची ब्रेड म्हणजे साधारण ९ किलो. सर्वांत कमकुवत गाठ धरून चौथा हिस्सा, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, साध्या स्प्रिंगच्या काट्याने ओढून लावा. काटा ओढताना सुटायच्या क्षणी तीन किलो आणि मग दोन दाखवत असेल तर वॉशर चिकटतायत. कार्बनचे वॉशर पुसून ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. फेल्टचे वॉशर मात्र ड्रॅग ग्रीसमध्ये मुरवावे लागतात. मासा लाइन घेऊन गेला की स्पूलवरचा घेर कमी होतो आणि तोच ड्रॅग लाइनवर जास्त ताण देतो. त्रिज्या २४ वरून १८ मिलिमीटर झाली तर तीन किलोचे चार होतात. त्या वेळी ड्रॅग आणखी आवळू नका. आणि ड्रॅग आवळूनही लाइन सुटते, पण स्पूल मात्र फिरत नाही, असं दिसलं तर ड्रॅगचा दोष नाही, ब्रेडच स्पूलवर घसरतेय. खाली थोडा तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेड भरली की प्रश्न मिटतो.

शेवटी, महाग रील घ्यायचं का. आयपीएक्स५ किंवा आयपीएक्स६ हा आकडा ठरावीक वेळ मारलेल्या गोड्या पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी सांगतो. वर्षभराचं मीठ आणि झिजणारं रबरी सील यांबद्दल तो काही सांगत नाही. लाटांच्या तुषारांत सतत उभे राहत असाल तर सीलबंद रीलाचा फायदा नक्की आहे, पण त्यात एकदा पाणी शिरलं तर ते बाहेरही येत नाही, म्हणून तेही वर्षातून एकदा उघडावं लागतं. बेअरिंगांच्या संख्येवर रील निवडू नका. सुटे भाग भारतात मिळतात का, लाइन रोलर एका स्क्रूत निघतो का, बॉडी आणि रोटर ताणाखाली वाकत नाहीत ना, हे विचारा.

तुमच्या रीलासाठी क्रम असा ठेवा: लाइन रोलर आणि मूठ, मग क्लच, मग पिनियनचं बेअरिंग. त्यानंतरही खरखर राहिली तर बॉडी उघडून दात भिंगाखाली बघा. दातांवर खड्डे किंवा धारदार कड दिसली, ग्रीस करडं आणि धातूच्या कणांनी चमचमतं असेल, तर गिअर खरोखर गेले. ते बदलताना मोठा गिअर आणि पिनियन जोडीनेच बदला, जुन्या दातांवर नवे दात फार टिकत नाहीत. त्या जोडीचा खर्च रीलाच्या निम्म्या किमतीवर गेला किंवा जोडी मिळतच नसेल, तर नवं घ्या. आणि वर्षाची सर्व्हिस मे महिन्याच्या शेवटी, रील पावसाळ्यासाठी ठेवून देण्याआधी करा. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर मीठ दमट हवेत चार महिने आतच बसून राहतं. ठेवताना ड्रॅग सैल, स्पूलखाली शाफ्टला तेलाचा हात, आणि रील सुती पिशवीत. निओप्रिनच्या कव्हरात ओल अडकते, ते फक्त प्रवासापुरतं वापरा.